वाटीचा मान

माझं लग्न पक्कं झालं ते उरणच्या दारूच्या भट्टीवर. नातसुनांना हे सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. आमच्या कोळीवाड्यात तेव्हा तीच रीत होती. सोयरीक जुळली की दोन्ही घरच्यांनी मिळून लग्नाची दारू निवडायला भट्टीवर जायचं. निवडलेल्या दारूची वाटी मुलीने आधी सासऱ्याला द्यायची, मग तीच वाटी बापाला. दोघांनी एकेक घोट घेतला की झालं. बापाने वाटी परत केली, तर त्याने मुलगी परत नेली असं समजायचं.

ही मिठाच्या सत्याग्रहाच्या थोडी आधीची गोष्ट. माझ्या बाबांनी तेव्हा दारू सोडली होती. त्याआधी ते इतकी पीत, की आईच्या गळ्यात फुटका मणी उरला नव्हता. मग एकदा मी तापाने फणफणले. वैद्याला आणायला निघालेले बाबा वाटेतल्या गुत्त्यावरच आडवे झाले. मी वाचले ती शेजारणीच्या धावपळीने. दुसऱ्या दिवशी बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की पुन्हा प्यायलो तर ही पोर मला दिसायची नाही.

तेव्हापासून आमचं घर घरासारखं झालं. बाबा वेळेवर होडीवर जात, आईला झोप लागे. फक्त माझी पंचाईत झाली. मला साधी शिंक आली तरी आई आधी बाबांच्या तोंडाचा वास घ्यायची आणि मग माझ्या कपाळाला हात लावायची.

सोयरीक चांगल्या घरची आली. मुलगा मला आवडला होता, खोटं कशाला बोलू? आईने मध्यस्थाकरवी निरोप धाडला, की वाटीऐवजी नारळावर भागवा. सासऱ्यांनी उलट कळवलं, की नारळच फोडायचा तर देवळात जा, आमच्या दारात कशाला येता. रागाने माझे कान तापले. पण मुलीकडची माणसं आम्ही, ठरल्या दिवशी भट्टीवर जायला होडीत बसलो.

भट्टीच्या आवारात मोहाच्या फुलांचे ढीग पडले होते. त्यांचा गोड, आंबूस वास घशात बसत होता. बाबा समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. भट्टीवरच्या माणसाने तीन बुधले मांडले. एकात साधी मोहाची, एकात बडीशेपेची, एकात जुनी मुरलेली. या वाटीतून त्या वाटीत उंचावरून ओतून फेस किती वेळ टिकतो, म्हणजे दारू किती कडक, ते त्याने दाखवलं. सासऱ्यांनी तिन्ही चाखल्या, मिटक्या मारल्या आणि बडीशेपेची पसंत केली.

मी वाटी त्यांना दिली. त्यांचा घोट झाल्यावर ती बाबांपुढे धरली. 

ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्याने ‘सुटली’ म्हटलं की ती उतरते, हे आमच्यात लहान पोरांनाही ठाऊक असतं. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, “सुटली म्हन गो बाय.”

मागून आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. म्हण म्हणून, की म्हणू नको म्हणून, ते मला कळलं नाही. एका शब्दात माझं लग्न होत होतं. तो न म्हणता बाबा प्यायले तर मी मरणार, ही भीती होतीच; पण त्याहून जास्त भीती वाटली ती पूर्वीच्या बाबांची.

“न्हाय सुटली,” मी म्हणाले.

सासरे आपल्या व्याह्याकडे, बाबांकडे, बघून खाकरले. “इवाय, वाटीचा मान ठेवा.”

बाबांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि तोंडाला लावली. माणसं हसली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या गेल्या. आईने माझ्या डोक्यावर हात दाबून धरला होता, तो होडीत बसेपर्यंत काढला नाही.

लग्न झालं. संसारही बरा झाला. मी मेले नाही, चांगली म्हातारी झाले. बाबा मात्र त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गुत्त्यावर दिसू लागले, आणि गेले तेही दारूनेच. लेकीच्या सुखासाठी बापाने शपथ मोडली, असं अजून गावात सांगतात. मीही मान डोलावते. पण त्या दिवशी बाबांसमोर मी उभी होते. रीत एका घोटाची होती. तो घोट झाला आणि वाटी परत घ्यायला मी हात पुढे केला. बाबांनी ती दिली नाही. डोळे मिटून त्यांनी ती तळापर्यंत संपवली.