कुंडलिकचं नाक आणि विद्याधरांची फियाट

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत कुणालाही ‘नाकवाला मिस्त्री कुठे बसतो?’ असं विचारा, लोक पत्र्याच्या एका शेडकडे बोट दाखवतील आणि वर सांगतील, ‘जपून हं, तिरसट आहे.’ तिरसट कसला, डोक्यात हवा गेलेला माणूस! आणि का जाऊ नये? वाशीमकडून पोरवयात आला तेव्हा कुंडलिकला गाडीचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली एवढंच कळायचं. टॅक्सींच्या गॅरेजात वस्तादाच्या शिव्या खात तो शिकला आणि शिकता शिकता त्याला एक विद्या सापडली. सायलेन्सरमागे उकिडवं बसायचं, धूर एकदा नाकात ओढायचा आणि निकाल द्यायचा. पाणी जळतंय, पेट्रोल जादा जातंय, ऑइल पितेय. तेही बॉनेट उघडायच्या आधी! टॅक्सीवाले त्याच्याशी पैजा लावायचे आणि हरून चहा पाजायचे.

मग कोविड आला. ताप उतरला, खोकला गेला, दम परत आला. वास मात्र गेला तो गेलाच. कुंडलिकने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. डॉक्टरला नाही आणि बायकोला, नंदालाही नाही. सांगणार तरी काय? नाकवाल्या मिस्त्रीचं नाक गेलं म्हटल्यावर अख्खी गल्ली पोट धरून हसली असती. तो पहिल्यासारखाच ऐटीत बसायचा, धूर ओढायचा आणि डोळ्यांनी भागवायचा. निळा धूर म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल, पांढरा म्हणजे पाणी. एवढ्यावर बहुतेकदा निभायचं.

परवाच्या शनिवारी मुलुंडहून विद्याधर आले. विमा कंपनीतून रिटायर झालेले, कुंडलिकचं जुनं गिऱ्हाईक. सायीच्या रंगाची त्यांची फियाट त्यांनी मुलीपेक्षा जास्त लाडात वाढवली, असं त्यांची मुलगी गार्गीच म्हणायची.

“कुंडलिक, वाट लागली रे,” उतरता उतरताच ते म्हणाले. “सायलेन्सरमधून ऑइल गळतंय. सोसायटीच्या फरशीवर डाग पडतात, सेक्रेटरी रोज बोंब मारतो. आमच्याकडचा मेकॅनिक म्हणतो इंजिन गेलं. मी म्हटलं, कुंडलिकने वास घेतल्याशिवाय मी मानणार नाही.”

झालं! कुंडलिकने बाह्या सरसावल्या. गाडी चालू करायला लावली, मागे बसला, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. रुमालावर तेलकट काळे ठिपके उठले. धूर निळा. त्याने डोळे मिटून तो असा काही छातीभर ओढला की समोरचा लेथवालाही काम सोडून बघत राहिला.

“रिंगा,” कुंडलिक म्हणाला. “पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उघडावं लागेल.”

विद्याधरांनी गाडी बंद केली.

“मग राहू दे,” ते म्हणाले. “इंजिन खोलायचं म्हणजे जुन्या बाजारात पार्ट हुडकत फिरणं आलं. आता गुडघे साथ देत नाहीत. सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो.” त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर भांडलो असतो मी.”

निकाल कुंडलिकने दिला होता, पण वास कुठे घेतला होता? हात रिकामा राहू नये म्हणून त्याने बॉनेट उघडलं, ऑइल मोजायची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घालून बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर!

“साहेब, ऑइल कधी भरलंत?”

“भरलंच नाही. दिवाळीत बदललं, त्यानंतर थेंबही नाही.”

हे काय भलतंच? ऑइल जळत असेल तर खाली जायला हवं. इथे वाढतंय, म्हणजे बाहेरून आत काहीतरी उतरतंय. पाणी असतं तर ऑइल चहासारखं दुधट दिसलं असतं. हे काळंच होतं, फक्त पातळ. राहिलं पेट्रोल. आणि पेट्रोल आहे की नाही हे कुणीही शेंबडं पोर पट्टी हुंगून सांगू शकलं असतं, कुंडलिक सोडून. त्याने पट्टी नाकाशी नेली. काही नाही. शब्द फिरवावा तर नाव जातं, धरून ठेवावा तर गाडी कापली जाते. असा राग आला त्याला स्वतःचा!

तेवढ्यात अंगणवाडीतलं काम आटोपून नंदा डबा घेऊन आली. “आज सुक्या बोंबलाची चटणी केलीय हं, आणि भाकर,” तिने दारातूनच पुकारा केला. अलीकडे तिला ही खोडच लागली होती. डबा उघडायच्या आधी आत काय आहे ते मोठ्याने सांगायची. वय झालं, बडबड वाढली, असं कुंडलिक समजायचा.

“नंदे, इकडे ये,” तो म्हणाला. “हे हुंग.”

“मी?”

“तूच. कसला वास येतो ते सांग.”

नंदाने पट्टीजवळ नाक नेलं आणि तोंड वाकडं केलं. “अगं बाई! पेट्रोल! पंपावर येतो तस्सा.”

कुंडलिक विद्याधरांकडे वळला. लेथवाला ऐकत होता, ऐकू दे.

“साहेब, माझं नाक गेलंय. कोविडपासून. मघाशी ओढलं ते नाटक होतं, आणि रिंगा म्हणालो ते ठोकून दिलं. तुमचं इंजिन उघडायचं नाही. पेट्रोलच्या पंपातला रबरी पडदा फाटलाय. पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल वर चढतं, जळतं आणि सायलेन्सरमधून गळतं. हे मात्र छाती ठोकून सांगतो.”

“अरे, पण सोमवारी माझी गाडी कापली असती ना!” विद्याधर ओरडले. “नाटक कशाला केलंस?”

“नावासाठी.”

“खड्ड्यात गेलं तुझं नाव! दुरुस्त कर आधी.”

कुंडलिकने पंप उतरवला. पडद्याला चांगली बोटभर चीर. ती बघितली आणि गड्याचा आवाज पुन्हा चढला. विद्याधरांना स्टुलावर बसवून त्याने पंप आणि पडद्यावर तिथल्या तिथे भाषण ठोकलं. टॅक्सींच्या जुन्या साठ्यातला नवा पडदा बसवला, पंप चढवला, ऑइल काढून ताजं भरलं, गाडी चालू केली. सायलेन्सरमध्ये साठलेलं जळेपर्यंत निळा धूर आला, मग विरळ झाला, मग दिसेनासा झाला. नवा रुमाल कोरडाच राहिला. तरी त्याने नंदाला मागे बसवलंच.

“आता?”

“आता नुसता गाडीचा वास.”

विद्याधर गाडी घेऊन गेले, जाताना हॉर्न दोनदा जास्तच वाजवला. डबा उघडेस्तोवर दुपार उलटून गेली.

“तुला तरी सांगायला हवं होतं,” कुंडलिक म्हणाला.

“मला ठाऊक होतं.”

“कधीपासून?”

“दूध करपलं तेव्हापासून. वासाने शेजारीण धावत आली, आणि तुम्ही शेगडीपाशी पेपर वाचत बसलेले.”

“मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“बोलतेच की,” नंदा म्हणाली. “रोज. डबा उघडायच्या आधी.”

कुंडलिकचा भाकरीचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले आणि या खेपेला त्याने ते लपवले नाहीत.

“बोंबील कसा झालाय?” त्याने विचारलं.

“खमंग,” ती म्हणाली. “एका कडेला जरा करपलाय.”