जुरोंग ईस्टमधली स्वातंत्र्यदेवी

माझ्या ओळखीच्या एका बँकरने गेल्या वर्षी एक अमेरिकन बाई विकत घेतली. लाकडाची, कमरेएवढ्या उंचीची. अमेरिका नवीन होती तेव्हा तिथल्या सुतारांनी, जहाजांवर नक्षी कोरणाऱ्यांनी अशा बायका घडवल्या. राजा हाकलून दिला होता, तेव्हा त्याचा चेहरा वापरायची सोय नव्हती. मग देश म्हणून एक बाई उभी केली. हातात काठी, काठीच्या टोकाला स्वातंत्र्याची टोपी, शेजारी गरुड, पायाखाली मुकुट.

खरेदीमागचा हेतू उघड होता. बँकेत विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती कोणाला द्यायची हे ठरवणारा साहेब अमेरिकन होता. त्याला जुरोंग ईस्टमधल्या आपल्या कोंडोवर, म्हणजे फ्लॅटवर, जेवायला बोलवायचं, आणि दिवाणखान्यात त्याचाच देश उभा असायचा. मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात काढलेली, म्हणून मूर्तीपुढच्या कार्डासाठी चार ओळी इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. माहिती काढली तेव्हा कळलं की अशा मूर्तीचं सगळं मोल तिच्या मूळ रंगात असतं. तडकलेला, उडालेला असला तरी तो मूळ हवा. हे मी त्याला सांगितलं. हाताखालच्या माणसाचं ऐकतात तसं त्याने ते ऐकून घेतलं.

"साहेब येणार आणि बाईच्या नाकाचा रंग उडालेला?" तो म्हणाला. "आपण गणपती असा बसवू का?"

इथे परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाची कायमची गणेशमूर्ती दर वर्षी उत्सवाआधी एक इंजिनिअर रंगवतो. एरवी तो शहराच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत नोकरी करतो. त्याला बोलावणं गेलं. त्याला जे येत होतं ते त्याने मनापासून केलं. गाल गुलाबी केले, डोळ्यांची ठसठशीत आखणी केली, झग्याला जरीचा काठ काढला, टोपी आणि गरुड सोनेरी केले. कपाळावर एक भेग होती. ती झाकायला त्याने लाल टिकली लावली. बँकरची मुलगी शाळेतून आली आणि इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाली, "वा, मॉलमधला दीपावली सेल लाह." बापाला ते कौतुक वाटलं.

कार्ड मी दिलं नाही. त्यातलं पहिलंच वाक्य मूळ रंगाबद्दल होतं. बँकरचं काही अडलं नाही. तोंडीच सांगतो, म्हणाला.

साहेब जेवायला आला, तेव्हा मीही होतो. दारात बूट काढून आत आला, मूर्तीपुढे थबकला आणि त्याने हात जोडले. मग गंभीरपणे विचारलं, ही तुमची कोणती देवी? गरुड हे तिचं वाहन आणि पायाखाली कुणा राक्षसाचा मुकुट, हे त्याने स्वतःच ओळखलं होतं. भारतात दोनदा जाऊन आलो आहे, असंही सांगितलं.

बँकरने माझ्याकडे पाहिलं. मी अळूवडी खात होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्याने साहेबाचं अज्ञान उघडं पडलं असतं, आणि जागा साहेबाच्या हातात होती.

"स्वातंत्र्याची देवी, सर," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात चालत आली आहे."

मी पत्रकार परिषदांमध्ये आयुष्य घालवलं आहे. इतक्या सहज तिथेही कोणी बोलत नाही. साहेब मूर्तीच्या आणखी जवळ गेला. मग म्हणाला, "आमच्या देशात असं काही नाही, याचं वाईट वाटतं."

जागा बँकरलाच मिळाली. आपली मुळं न विसरणारा माणूस, असं साहेबाने त्याच्याबद्दल सगळ्यांसमोर सांगितलं. अभिनंदनाला आम्ही मंडळातले गेलो तेव्हा वहिनी वैतागलेल्या होत्या. साहेब आता बायकोला दर्शनाला आणणार होता.

"अहो, म्हणजे हिला आता रोज फूल वाहायचं का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवा विभागप्रमुख फोनमध्ये बघत म्हणाला, "लागेल ते कर. तो इथे आहे तोवर."

वहिनींनी प्लास्टिकचा हार आणून घातला.