दहा पौंड हवा

"खंडारे, मले एकच सांग. असा टायर हाये का नाई, का जो मे महिन्यातही चालंन न श्रावणातही?"

रज्जाकभाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या गाडीखाली जॅक लावत होतो. मागच्या दोन्ही टायरांतून दोरे बाहेर आले होते. टायर म्हणजे नुसतं रबर नसतं. आत दोऱ्यांचे थर असतात, त्यावर रबर चढवलेलं असतं. दोरे दिसू लागले की टायर संपला. रज्जाकभाईंचे दोन महिन्यांपूर्वीच संपले होते, माणूस नुसता नशिबावर फिरत होता.

"नाई," मी म्हणालो. "असा टायर कोनी बनवला नाई."

"मंग बनवत काहून नाई?"

हल्ली ऑल सीझन नावाचा टायर मिळतो. मी सांगतोय ते सत्तरच्या दशकातलं कारंजा आहे. तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता, आणि गाडीचा नवा टायर मिळणं हेच मोठं काम होतं. कंपनीकडून तीन-तीन महिने माल यायचा नाही. आमच्या शेठजींचं दुकान बाजाराच्या रस्त्यावर होतं. मी तिथं टायरचं काम करायचो: फिटिंग, पंक्चर, झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवणं. बत्तीस वर्षं तेच केलं. इंजिनातलं मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.

त्या दिवशी दुकानात त्या मापाच्या दोनच जोड्या होत्या. रज्जाकभाईंची भाड्याची गाडी जुनी, सोळा इंची चाकांची, त्यामुळे जीपचे टायर तिला बसायचे. एक जोडी रिबची होती. रिब म्हणजे ज्यावर उभ्या सरळ रेघा असतात तो. डांबरी रस्त्यावर तो चांगला पळतो, लवकर तापत नाही. पण काळ्या मातीच्या चिखलात त्याच्या रेघा लिंपून जातात आणि चाक जागच्या जागी फिरत बसतं. दुसरी जोडी बटनची. त्यावर रबराच्या मोठाल्या गाठी असतात. चिखल कापत जातो, पण डांबरावर धडधडतो. रबर जाड, म्हणून तापला की लवकर निवत नाही.

"आता रिब घ्या," मी म्हणालो. "उन्हाळा काढा. पावसाळ्याचं मंग पाहू."

"मंग पाहू म्हंजे? जूनमध्ये तुह्याजवळ बटन राहीन काय?"

राहणार नव्हता. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. दोन्ही जोड्या घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. तेव्हा निवड एकदाच करायची होती.

रज्जाकभाईंची गाडी म्हणजे आमच्याकडच्या खेड्यांची ॲम्ब्युलन्सच होती. इंझोरीपासून धनजपर्यंत कुणाचं काही झालं की त्यांनाच बोलावणं जायचं. मागच्या भादव्यात ते इंझोरीकडून साप चावलेल्या एका बाईला घेऊन निघाले होते. डांबरी रस्ता मैलभर राहिला असताना गाडी चिखलात रुतली. सहा माणसांनी ढकलली, बैल जुंपले. गाडी निघाली तोवर बाई गेली होती. तिचं डोकं त्यांच्या बायकोनं दिलेल्या उशीवर होतं. ती उशी त्यांनी पुन्हा गाडीत ठेवली नाही.

"मले बटन दे," ते म्हणाले.

मी दिले. आजही विचाराल तर सांगेन, ती निवड चुकीची नव्हती. फक्त तिला एक अट होती. ती अट मी त्यांना बजावून सांगितली.

"तीस पौंड हवा. एक पौंड कमी चालनार नाई. कोनी कितीही सांगू द्या, उन्हात हवा सोडायची नाई."

हे बजावावं लागायचं, कारण आमच्या सगळ्या वऱ्हाडात उलटी रीत होती. एप्रिल लागला की ड्रायव्हर दुकानात येऊन टायरातली हवा कमी करून घ्यायचे. उन्हानं हवा फुगते, टायर फाटतो, म्हणून आधीच थोडी काढून ठेवायची. माझ्या उस्तादानंही मला हेच शिकवलं. मीही चार-पाच वर्षं शेकडो गाड्यांची हवा सोडली. मग कंपनीचा एक साहेब आला आणि त्यानं भिंतीवर चार्ट लावून समजावलं. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू दबते, सुटते, पुन्हा दबते. लोखंडी तार हातानं वाकवत राहिलं की ती गरम होते आणि तुटते, तसंच. टायर उन्हानं फुटत नाही, या वाकण्यानं फुटतो. साहेब गेल्यावर शेठजी म्हणाले, "गिऱ्हाईक मागते ते दे, वाद घालू नको." मी मात्र वाद घालायचो. ड्रायव्हर लोक मला चार्टवाला म्हणून चिडवायचे. मला त्याचा अभिमानच होता.

रज्जाकभाईंनी माझं ऐकलं. रोज सकाळी ते दुकानावर येऊन गेज लावून घ्यायचे. गेज म्हणजे हवा मोजायची नळी. तीस भरली की मान हलवून जायचे.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, गाडी दुकानासमोर थांबली. मागच्या सीटवर गादी टाकून एक म्हातारी झोपवली होती. शेजारी खाली बसून तिचा मुलगा तिला धरून होता. मी ओळखलं. इंझोरीच्या शाळेतले देवराव मास्तर. आमच्या समाजातला पगारावर लागलेला तो त्या गावातला पहिला माणूस. माझी त्यांची सभांमधली ओळख. म्हातारी त्यांची आई, गयाबाई. विहिरीजवळ पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. कारंजाच्या डॉक्टरांनी अमरावतीला न्यायला सांगितलं होतं.

"जयभीम, भाऊ," देवराव म्हणाले. "काही करता येते का पाहा. गाडी इतकी धडधड करून राह्यली का मायले सोसवत नाई."

गयाबाई ओरडत नव्हती. त्याच्या पलीकडे गेली होती. पदर तोंडात कोंबला होता आणि त्यातून कण्हण्याचा बारीक आवाज येत होता. इंझोरीपासूनचा रस्ता तिनं असाच काढला होता.

"बटन टायर हाये, धडधडनारच," मी म्हणालो.

"हवा थोडी काढून पाह्यली तं?" देवरावांनी विचारलं. "नरम होईन ना?"

नरम होणार होतं. हवा कमी केली की टायर गादीसारखा बसतो. मी रज्जाकभाईंकडे पाहिलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते.

"तूच म्हनला होता, तीस ठेव," ते म्हणाले.

तेवढ्यात म्हातारीनं तोंडातला पदर काढला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबू, कर ना रे काही." बस, इतकंच.

मला दया आली. दुसरं काही कारण नाही. माझी माय असती तर मी काय केलं असतं, असा विचार मनात आला, आणि त्या विचारापुढं चार्ट-बिर्ट काही राहिला नाही. मी खाली बसलो आणि मागच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. गेज लावून पाहिलं. वीस.

"आज राहू द्या," मी रज्जाकभाईंना म्हणालो. "हळू चालवा. अमरावतीले पोचल्यावर भरून घ्या."

"पक्कं ना?"

"पक्कं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गिअर टाकला आणि गेले. गाडी वळली तेव्हा ती खरंच कमी उसळत होती. मला बरं वाटलं, हे सांगितलंच पाहिजे. मी हात धुतले आणि डबा उघडला.

चार वाजता एसटीचा एक ड्रायव्हर सांगत आला. धनजच्या पुढं मागचा डावा टायर फुटला होता. गाडी आडवी फिरून ड्रायव्हरच्या बाजूनं कडुनिंबाच्या झाडाला लागली. रज्जाकभाई जागच्या जागी गेले. देवरावांचा हात मोडला. गयाबाई गादीसकट सीटखाली घसरली आणि तिला नवं काही लागलं नाही. एका ट्रकवाल्यानं दोघांना अमरावतीला पोचवलं. म्हातारी पुढं सहा वर्षं जगली. काठी धरून अंगणात यायची, असं ऐकलं. मी तिला भेटायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचे फौजदार फुटलेला टायर घेऊन दुकानावर आले. पंचनामा करायचा होता, आणि टायरमधलं कळणारा माणूस गावात मीच. टायर ओट्यावर ठेवला. मी तो आतून चाचपला. बाजूच्या भिंतीला आतून गोल पट्टा पडला होता, सगळीकडून सारखा. दोरे सुटून मोकळे झाले होते. हाताला काळी भुकटी लागली. हे फक्त कमी हवेवर पळवलेल्या टायरमध्ये दिसतं. माल चांगला होता. फोड नाही, चीर नाही, खिळा नाही.

"काय झालं?" फौजदारांनी विचारलं.

"हवा कमी होती साहेब."

"ड्रायव्हरनं पाह्यली नसंन."

"पाह्यली होती. मीच सोडली. दहा पौंड."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. शेठजी गादीवरून उठून आले. वाईट माणूस नव्हता तो, मला खालून वर त्यांनीच आणलं होतं.

"साहेब, हा भ्रमिष्टासारखा बोलून राह्यला," शेठजी म्हणाले. "रातभर झोपला नाई. हवा तं सारेच सोडतात उन्हाळ्यात."

"तेच मी म्हनतो," फौजदार म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे पाहा, तू म्हनतो ते लिहिलं तं मले तुह्यावर कलम लावा लागते. लहान लहान पोरं हायेत तुले. मेलेल्या मानसाले आता काय फरक पडते?"

त्यांनी लिहिलं: टायरमध्ये दोष आढळला नाही. चालकाने वाहन भरधाव वेगाने चालवल्याने त्याचा ताबा सुटला. खाली पंचांच्या सह्यांसाठी जागा सोडली. कागद माझ्याकडे सरकवला. शेठजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी सही केली. इंग्रजीत नको, मराठीत कर, असं फौजदार म्हणाले. मी मराठीत केली.

साडेचार महिन्यांनी इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागं विधवेनं घरात काढायचे, दिवस संपवून रज्जाकभाईंची बायको दुकानावर आली. आम्ही तिला भाभी म्हणायचो. हातात पंचनाम्याची नक्कल होती, कुणाकडून तरी वाचून घेतलेली. ती ओट्यावर बसली नाही.

"खंडारेभाऊ, तुमी टायरवाले. तुमीच सांगा. आमचे हे जोरात चालवत होते काय?"

मला वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी येणार. उत्तरही ठरवून ठेवलं होतं: टायर उन्हानं फुटला. ते तोंडातून निघालं नाही.

"नाई भाभी. हवा मी सोडली होती."

"त्यायनं नाई नाई म्हटलं?"

"म्हटलं होतं. तीस पायजे म्हटलं होतं."

"म्हंजे त्यायले समजलं होतं."

"हाव. त्यायले समजलं होतं."

तिनं डोळ्याला पदर लावला. ती रडत होती, पण तिच्या अंगातून काहीतरी ओझं उतरल्यासारखं दिसलं. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस बेफिकिरीनं मेला, असं लोक तिला चार महिने सांगत होते. मग तिनं कागद माझ्यापुढं धरला.

"मंग हे इथं काहून नाई लिहिलं?"

माझी नजर खाली माझ्या सहीवर गेली. तिनं खालची सही पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण मी ज्या तऱ्हेनं तिकडे पाहत होतो त्यावरून तिला कळलं असावं. ती कागद घडी करून निघून गेली. त्यानंतर ती त्या रस्त्यानं गेली की दुकानाच्या समोरच्या बाजूनं जायची.

त्याच आठवड्यात मी ठाण्यात गेलो. फौजदारांची बदली झाली होती. कारकुनानं सांगितलं, फाईल अकोल्याला गेली, आता त्यात कुणी काही करत नाही. खरं काय झालं त्याचा मी अर्ज लिहून दिला. त्याचं उत्तर आलं नाही. दुसरा दिला, त्याचंही नाही. तिसरा दिला नाही.

उरलेल्या नोकरीत मी कुणाच्या सांगण्यावरून एक पौंडही हवा सोडली नाही. गिऱ्हाईकं तुटली, शेठजी चिडले. नव्या लोकांना मी दोनच गोष्टी सांगायचो. टायर रस्ता पाहून निवडा, आणि हवा थंड टायरात मोजून पूर्ण भरा. तिसरी एक गोष्ट, त्या पंचनाम्याचा विषय निघाला की, लोकच मला सांगायचे: कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचावा. मी वाचला होता.