दुखण्याचा भाव

कपाटवाल्यांनी जन्मात कुणाला पहिल्या दमात खरा आकडा सांगितला नव्हता. जुन्या फर्निचरचं दुकान. आपण चढवून सांगायचं, समोरच्याने पाडून मागायचं, आपण रडकं तोंड करून थोडं उतरायचं, त्याने पायात चपला सरकवायच्या, आपण मागून हाक मारायची. हा सगळा खेळ झाल्याशिवाय त्यांना वस्तू विकल्यासारखीच वाटायची नाही. सवय इतकी मुरलेली की कुणी वय विचारलं तरी आधी चार वर्षं चढवायचे आणि मग एकेक करत उतरत यायचे.

हर्निया आला तोही धंद्यातूनच. सागवानी कपाट बघून एक गिऱ्हाईक म्हणालं, "जड आहे हो फार."

"जड? अहो, फूल आहे फूल," म्हणत कपाटवाल्यांनी एका हाताने कपाटाचा कोपरा उचलून दाखवला. कपाट उचललं गेलं खरं, पण पोटाच्या खाली काहीतरी टर्रकन उसवलं. चेहऱ्यावरचं हसू त्यांनी जराही ढळू दिलं नाही. गिऱ्हाईक कपाट घेऊन गेलं, यांच्याकडे लिंबाएवढा फुगवटा राहिला. तो त्यांनी 'गॅस आहे' म्हणत बायकोपासून लपवला. लिंबाचा पार नारळ झाल्यावर बायकोनेच त्यांना दवाखान्यात नेऊन बसवलं.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मणक्याशी सुई घालून दोऱ्याएवढी बारीक नळी आत ठेवली. कमरेखालचा माणूस झोपला, वरचा जागा राहिला आणि ऑपरेशनभर छतावरच्या दिव्याची किंमत करत पडला. ऑपरेशन झालं तरी नळी तशीच ठेवली होती. तिचं दुसरं टोक खाटेशेजारच्या पंपाला. थेंब थेंब औषध जायचं आणि दुखणं दबून राहायचं. औषध किती सोडायचं, ते पेशंट काय सांगतो त्यावर.

संध्याकाळी सिस्टर आली. "काका, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवतच नाही."

खरं म्हणजे तीन होतं. पण तीन सांगितलं तर ही दोनावर आणणार, कपाटवाल्यांनी मनात हिशेब केला. घासाघिशीला जागा हवी.

"आठ," ते कण्हत म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

पण ही बाई घासाघीस करीचना. 'आठ का, सात घ्या,' काही नाही. तिने सरळ डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी इथे दाबून बघितलं, तिथे दाबून बघितलं. कपाटवाले जागोजाग 'आई गं' म्हणाले. बाईंनी पंप वाढवला. थोड्या वेळाने दुखणं गेलं आणि पाठोपाठ पायही गेले. म्हणजे होते जागेवरच, पण विकलेल्या पलंगाच्या पायांसारखे, आपला काही संबंध नसल्यागत.

"सिस्टर, हे पाय कुणाचे?"

"तुमचेच. आठ सांगितलंत ना? आता औषध उतरेपर्यंत खाली उतरायचं नाही."

सकाळी बायको आली. डबा ठेवला, उशी सारखी केली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "अहो, त्या वेताच्या खुर्चीला गिऱ्हाईक आलंय. संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. किती वर्षं पडलीय नुसती. देऊन टाकते."

कपाटवाले उताणे होते म्हणून बरं, नाहीतर पडले असते. त्या खुर्चीचा भाव त्यांनी मुद्दामच असा ठेवला होता की ऐकणारा चपला घालून निघायचा, आणि मागून हाक जायची नाही.

"मी आल्यावर बघू."

"तुम्ही कुठले येताय एवढ्यात," म्हणत ती दुकान उघडायला गेलीसुद्धा.

आता संध्याकाळच्या आत घर गाठायला हवं. फेरीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आज किती?"

"शून्य."

बाईंनी भुवया उंचावल्या, पाय हलवून बघितले, आणि नळी काढली. "आता गोळ्यांवर राहा. चाललात, खोकलात, दुखणं आटोक्यात राहिलं, की घरी."

सिस्टरने गोळ्या दिल्या. शून्य दुखणाऱ्या माणसाने गोळी घेणं दिसायला बरं दिसत नाही, म्हणून कपाटवाल्यांनी त्या गालात धरल्या आणि तिची पाठ वळताच उशीखाली ढकलल्या.

दुपारपर्यंत नळीतल्या औषधाचा अंमल उतरला आणि पोटाला आपण कापलं गेल्याची आठवण झाली. सिस्टरच्या खांद्याला धरून ते दारापर्यंत चालले. घाम कपाळावरून नाकावर आला.

"किती, काका?"

"एक. फार तर दीड."

"तोंड तर पिवळं पडलंय."

"रंगच तसा आहे माझा."

तेवढ्यात शिंक आली. त्यांनी नाक धरलं, श्वास कोंडला, शिंकताना पोटाशी धरायला सांगितलेली उशी राहिली खाटेवर, आणि शिंकेने काही घासाघीस केली नाही. कपाटवाले दाराची चौकट धरून वाकले ते वाकलेच.

"नऊ," ते म्हणाले.

"तुमचे नऊ म्हणजे चार का, काका?"

"नाही हो, सिस्टर. या वेळी एकच भाव."

उशीखालच्या गोळ्या सापडल्या. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि वर चार शब्द ऐकवले. "दुखणं डोक्यावर बसल्यावर उतरवायला जास्त औषध लागतं. खरं सांगितलं असतंत तर आज घरी गेला असतात. आता उद्या बघू."

उद्या. बायको पुन्हा आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"ती खुर्ची विकू नकोस."

"का?"

"पाय डगमगतो तिचा. लोक नावं ठेवतील."

"अजून खाली या."

"वेत महागलाय हल्ली."

"अजून."

गोळ्यांचा ट्रे हातात धरून सिस्टर तिथेच रेंगाळली होती. कपाटवाल्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली.

"तू बसली होतीस तिच्यात. तुझ्या बाबांबरोबर खुर्ची बघायला आली होतीस तेव्हा."

"तीनदा आलो होतो आम्ही. बाबा बिचारे दर वेळी थोडे वर चढायचे, आणि तुम्ही काही भाव सोडत नव्हतात."

"सोडला असता तर दुसऱ्यांदा आली असतीस?"

ती पदराचं टोक तोंडाशी नेऊन हसली. "सकाळीच सांगितलंय त्याला, नाही मिळणार म्हणून. म्हटलं, बघू तरी, इतक्या वर्षांनी तुमच्या तोंडून काय निघतं ते. पण तुम्ही गोळ्या लपवाल हे माझ्या ध्यानात नाही आलं."

सिस्टरला हसू आवरेना. तिचं बघून कपाटवाल्यांनाही आलं, आणि टाक्यांतून कळ निघाली.

"किती दुखलं, काका?"

"आठ," ते सवयीने म्हणाले.

दोघी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तीन."

कपाटवाल्यांनी हात पुढे केला आणि दोघींच्या देखत गोळी गिळली.