वळवा

"घाई पान्याला हाय, आपल्याला नाय." राफ्टमध्ये पाय ठेवण्याआधी दादा हे म्हणायचे आणि एक वाळकं पान प्रवाहात सोडायचे. ते पान मोठ्या खडकाच्या कुठल्या अंगाने जातं हे दिसेपर्यंत कुणाला बसू देत नसत.

दादा डोंबिवलीजवळच्या कोपर गावचे. खाडीत रेतीच्या होड्या वल्हवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. रेती काढायला बंदी आली आणि हात रिकामे झाले. मी डोंबिवलीत नोकरी सांभाळून पावसाळ्यातल्या रविवारी हौशी लोकांना बदलापूरच्या वर, उल्हास नदीवर राफ्टिंगला नेत असे. राफ्ट माझी होती. नदी कळायची ती दादांना. मागे लोखंडी चौकटीवर दोन लांब वल्ही धरून ते बसायचे. पुढे पाच पाहुणे आणि मी, छोटी वल्ही घेऊन त्यांच्या हुकमाप्रमाणे पाणी मारायचो.

त्यांच्या बोलीत ळ नव्हता. डोळ्याचा डोला, केळ्याचा केला. पाहुणे हसायचे, तेव्हा तेही हसायचे. "तुमचा ल तुमच्याकडंच ठेवा, मना त्याचा काय उपयोग नाय!"

एकदा मी हुकमांचं कार्ड छापून आणलं : वल्हवा, मागे, थांबा, वळवा. दादांनी ते बराच वेळ निरखलं.

"साहेब, शेवटचा काढा. 'फिरवा' टाका."

"का हो?"

"मी 'वलवा' बोललो त लोक वल्हवतील."

मी हसलो. कार्डं लॅमिनेट करून झाली होती. म्हटलं, "शिकलेली माणसं आहेत दादा, समजतं त्यांना. पण कार्डावरचाच शब्द वापरा, नाहीतर गोंधळ होतो." त्यानंतर दादा दर रविवारी काठावर पंधरा मिनिटं सराव घ्यायला लागले. ते "वलवा" ओरडायचे, हात गोल फिरवून दाखवायचे. डावीकडच्यांनी मागे मारायचं, उजवीकडच्यांनी पुढे. सगळ्यांना जमेपर्यंत सुटका नसे. माझ्या हट्टाची भरपाई ते अशी करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्या रविवारी नदी काठावरच्या झुडपांत शिरली होती. दादांनी सोडलेलं पान डोळ्यासमोरून गेलं आणि दिसेनासंच झालं.

"आज नको, साहेब."

"ठाण्याहून आलेत हो सगळे. परत कसं पाठवू?"

"मंग सराव तरी करूंदे."

"उशीर झालाय. बसा."

ते बसले. एवढ्या वर्षांत माझं ऐकून ते बसले, असं एकदाच झालं.

पहिल्या दोन लाटांवर पाहुणे आनंदाने किंचाळले. तिसऱ्या वळणावर खडक दिसेना. त्याच्या डोक्यावरून पाणी चढून पलीकडे कोसळत होतं. मागून दादांचा आवाज आला, "वलवा! वलवा!"

पाचही जणांनी जीव खाऊन पुढे वल्हवलं. आणि आता जे लिहितोय ते आजवर लिहायचं टाळलं होतं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. मी डावीकडे होतो, मी मागे मारायला हवं होतं. पण सगळ्यांचे हात पुढे गेले तसा माझाही गेला.

राफ्ट सरळ खडकावर चढली. दादांनी उजवं वल्हं खडकाला लावून सगळं अंग त्यावर टाकलं. राफ्ट सुटली, उलटली नाही. पण वल्ह्याची मूठ उसळून त्यांच्या खांद्यात बसली. एका हाताने त्यांनी आम्हाला काठाला लावलं.

पाहुण्यांतले माजिवड्याचे एक बँक अधिकारी आपलं दुखावलेलं मनगट धरून माझ्यावर ओरडले, "हा काय बोलतो तेच कळत नाही! असल्या माणसाला ठेवता कशाला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दादाही.

मी म्हणालो, "चुकलं माझं. यापुढे नाही ठेवणार."

दादा वळले आणि एका हाताने राफ्टची हवा सोडायला लागले.

पुढे वर्षभराने ते ठाण्यात एका टॉवरमध्ये लिफ्टवर असल्याचं कळलं. गेलो. निळा गणवेश, स्टूल. वरच्या मजल्यांची बटणं डाव्या हाताने दाबत होते. मी एका दमात सगळं बोललो : कार्ड, सराव, माझा हात.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्ये मना कशाला सांगता? मना म्हायतीच हाय. त्याना सांगा ना."

पाच फोन करायला मला दिवाळी उजाडली. शेवटचा त्या बँकवाल्यांना. सगळं ऐकून ते म्हणाले, "मला भेटायचंय त्यांना. घेऊन चला."

मी दादांना विचारायला कोपरला गेलो. दारात त्यांची बायको होती. दादांना जाऊन महिना झाला होता, झोपेतच गेले.

"तुमी कोन?"

"नदीवर त्यांच्याबरोबर असायचो."

तिने मला आत बसवलं, पाणी दिलं. "खांदा कसा मोडला त्ये घरात कंदी बोललंच नाय. सारखं आपलं, पडलो, पडलो. तुमी व्हता तवा?"

"होतो."

"मंग सांगा," ती म्हणाली आणि समोर जमिनीवर बसली.

मी कार्डापासून सुरुवात केली.