न्यानमावशीचे दहा ढीग

न्यानमावशी आमच्या गावच्या बांधराखणीण. लाल नदीच्या बांधावर त्यांची सव्वीस वर्षं गेली, गुडघेही तिथेच गेले. पुरात लागेल म्हणून बांधाशेजारी मातीचे दहा ढीग राखलेले असत, चौपाखी छपरासारखे. दर उन्हाळ्यात ते मोजायचं काम मावशीचं.

त्या वर्षी तुएन नावाचा नवा इंजिनिअर आला. लांबी बारा, रुंदी सहा, उंची दोन. गुणून त्याने निम्मं केलं. "बहात्तर घनमीटर. दहांचे सातशेवीस."

"साहेब, साठच भरतात," मावशी म्हणाल्या. "खाली बारा मीटर आहे, पण वरचा कणा सहाचाच. दोन्ही टोकं उतरती आहेत ना."

"शिक्षण किती, मावशी?"

"सातवी. पण माती मी वाहिलीय."

जेवताना त्यांनी टोफूची वडी तशीच उतरती कापली. दोन्ही टोकं सुरीने वेगळी केली. मधला तुकडा तंबूसारखा, त्याचे छत्तीस. टोकं एकमेकांना चिकटवली तर पिरॅमिड झाला, त्याचे चोवीस.

तुएन हसला. "खाऊन टाका आता. फॉर्मवर कण्याचा रकानाच नाही."

मावशी वाद घालून दमल्या होत्या. त्यांनी सही केली.

त्याच पावसाळ्यात पूर आला. बांधाच्या पायथ्याशी, गावाच्या बाजूला, गढूळ पाण्याचा झरा फुटला. आत पाणी चढून झऱ्याचा जोर मोडावा म्हणून त्याच्याभोवती मातीचं कडं घालायला आम्ही सकाळपासून टोपल्या वाहत होतो. दुपारी दहावा ढीग संपला, कडं अपुरंच.

"अजून शंभरावर घनमीटर हवेत! कागदावर तर होते," तुएन ओरडला.

बांधापासून दूर असलेल्या आपल्या केळीच्या बागेकडे मावशींनी बोट केलं. "खणा."

मी म्हटलं, "मावशी, अहो केळी घडाला आल्यात."

"दिसतंय मला. खण."

दिवस मावळताना कडं पुरं झालं आणि झऱ्याचं पाणी निवळ वाहू लागलं. म्हणजे बांधातली माती वाहायची थांबली. तुएनच्या खांद्याची सालटं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी तो दारात आला. "मावशी, ते टोफूचं पुन्हा सांगाल?"

"आज नको रे बाळा. अंग नुसतं ठणकतंय."

पुढच्या उन्हाळ्यात ढीग पुन्हा रचले, तेव्हा त्याने फॉर्मवर पट्टीने एक रकाना आखून आणला. मावशी ढिगाच्या पायथ्याशी बसूनच राहिल्या.

"कण्यावर तू चढ," म्हणाल्या, "मी टेपचं खालचं टोक धरते."

बागेच्या जागी आता खड्डा आहे. पाणी साचतं, शेजाऱ्यांची बदकं पोहतात. पुन्हा केळी लावायचं मावशींनी काही मनावर घेतलं नाही.