आबांचा इंग्रजी शब्द

धुळ्यात मी बँकेच्या परीक्षेला बसले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली होती. पास झालीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. नापास झालीस तर मामांनी आणलेलं शिरपूरचं स्थळ. गणितात मी कोणाच्या बापाला भीत नव्हते. इंग्रजी शब्दांनी मात्र घाम फोडला होता. आज घोकावे, उद्या पाटी कोरी.

मग मी घोकणंच सोडलं. अर्थ कळला की त्या अर्थाचं माणूस गल्लीत शोधायचं आणि शब्द त्याला चिकटवून टाकायचा. गॅर्युलस म्हणजे बडबडी. समोरच्या अक्का विरजण मागायला यायच्या आणि बोलण्याच्या नादात विरजण न घेताच जायच्या. फ्रुगल म्हणजे काटकसरी, ते शेजारचे नाना. चहाचा चोथा वाळवून पुन्हा उकळायचे. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, तो शब्द आबांना दिला. दुसरा दावेदारच नव्हता. रेझोल्यूट, म्हणजे निश्चयाचा पक्का, तो मी स्वतःला ठेवला. का ठेवू नये?

लेखी निघाली. मुलाखतीत छंद विचारला, मी म्हणाले, शब्द गोळा करणं. साहेबांनी लगेच ऑब्स्टिनेट आणि रेझोल्यूटमधला फरक विचारला.

"सर, पहिले माझे वडील, दुसरी मी."

साहेब हसले. घरी सांगितलं तर आबा आमच्या अहिराणीत म्हणाले, "दोन्ही एकच शे." मी खूप वाद घातला, ते ऐकतात कसले.

मी पास झाले, आणि आठवड्यात मामा हजर. मुलगी नोकरीला लागली म्हणून शिरपूरचे पाहुणे जास्तच खूश आहेत, आत्ताच उरकून टाकू म्हणाले. आईनेही मान डोलावली. आबांनाही ते स्थळ मनापासून आवडलं होतं, हे मला ठाऊक होतं.

आबा सुपारी कातरत म्हणाले, "मी तिले शब्द देयेल शे."

मामांनी समजावलं, मग रुसून पाहिलं. आबा त्याच एका वाक्यावर. शेवटी मामा वैतागले. "दाजी, तुम्ही भलता हट्टी शेतस."

मी चहा घेऊन दारात उभी होते. "मामा, हट्टी नहीं. रेझोल्यूट."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "तो शब्द ते तुना व्हता ना?"

"व्हता. आते तुमना," मी म्हटलं. "माले तुमना जुना चाली."